मे महिन्यातला आठवडा: दापोली की मालवण?

मुलांच्या परीक्षा संपल्या, सात-आठ दिवसांची रजा मंजूर झाली आणि समुद्रावर जायचं पक्कं झालं, की पुण्या-मुंबईच्या बहुतेक घरांत गाडी या दोन नावांवर येऊन अडते. दोन्हीकडे समुद्र आहे, आंबे आहेत, किल्ला आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलं आणि गुडघे धरलेले आजी-आजोबा असतील तर दापोली. मुलं दहाच्या पुढची असतील आणि रेल्वेचं आरक्षण हातात असेल तर मालवण.

आधी प्रवासाचं बघू, कारण आठवड्याची वाट तिथेच लागते. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दापोली दोनशे किलोमीटरच्या आत आहे. मुंबईहून थोडी जास्त. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला दापोलीजवळच्या मुरूडच्या किनाऱ्यावर. मालवण मुंबईहून रस्त्याने पाचशेच्या आसपास, पुण्याहून पावणेचारशेच्या घरात आणि वर फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट. लहान मुलांना मे महिन्याच्या उन्हात एवढं गाडीत बसवू नये असं मला मनापासून वाटतं. जाण्या-येण्याचे दोन दिवस गेले, तिसरा दिवस थकवा काढण्यात गेला, मग उरलं काय? रेल्वेने मात्र गणित बदलतं. रात्री मुंबईहून कोकणकन्या किंवा तुतारीत बसायचं, सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तासाभरावर. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणून मालवणचा निर्णय मार्चमध्येच घ्यावा लागतो. दापोली एप्रिलअखेरीसही ठरवता येते.

आता किनारा. मुरूड आणि कर्देची पुळण सपाट, घट्ट आणि रुंद. ओहोटीला पाणी लांब जातं आणि ओल्या वाळूवर क्रिकेटपासून किल्ल्यांपर्यंत सगळं चालतं. मालवणजवळच्या तारकर्लीची वाळू जास्त स्वच्छ, पाणी जास्त देखणं, पण उतार अधिक आहे आणि पाणी लवकर खोल होतं. पोहता न येणाऱ्या मुलावर तिथे क्षणभरही नजर हटवता येत नाही.

कुठेही गेलात तरी तारखा ठरवताना पंचांग उघडा. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या आधी आणि ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. ऊन उतरलेलं, वाळू मोकळी. मुलांना याहून चांगली वेळ नाही. अष्टमीला उलट, संध्याकाळी सहाला भरती, त्यामुळे खेळायला किनारा उरत नाही. एक गोष्ट मात्र घट्ट लक्षात ठेवा: पाणी ओसरत असताना ओढ असते, विशेषतः पौर्णिमा-अमावास्येला. मुलांनी गुडघाभर पाण्यापलीकडे जायचं नाही.

बघण्यासारखं मालवणला निःसंशय जास्त. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग, आत राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवरायांचं मंदिर, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. इतिहासाच्या पुस्तकातला धडा मुलांना तिथे पायाखाली सापडतो. पहिल्या होडीने जा, अकरानंतर तटावरचा दगड भाजतो. देवबागला कर्ली नदी आणि समुद्राच्या मधली चिंचोळी पट्टी बघावी. स्कूबासाठी पोहता यावं लागत नाही, पण साधारण दहा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. दमा किंवा कानाचा त्रास असेल तर जाऊच नये. मे महिन्यात पाणी हिवाळ्याइतकं नितळ नसतं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर, मेअखेरीस, होड्या व पाण्यातले खेळ बंद होतात. त्यामुळे मालवणला जायचं तर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात.

दापोलीत वेग कमी आहे. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते, आजी खूश. आसूदच्या केशवराजला पोफळीच्या बागांतून ओढा ओलांडून पायऱ्या चढाव्या लागतात, तिथे आजोबांना आग्रह करू नका. हर्णै बंदरात होड्या लागतात आणि मासळीचा लिलाव सुरू होतो. टोपल्यांतल्या चंदेरी राशी, बोटांच्या खुणा, बर्फाचा चुरा. मुलं तिथून हलत नाहीत. दापोलीला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात, ते मात्र वरच्या कॅम्पापुरतं, म्हणजे दापोली गावापुरतं. मुरूड दहा-बारा किलोमीटर खाली आहे आणि तिथे घाम तेवढाच येतो.

जेवणात मासे खाणाऱ्यांना मालवणची तोड नाही. तिसऱ्यांचं सुकं, तळलेली सुरमई, वर सोलकढी. पूर्ण शाकाहारी घराला मात्र मुरूडच्या घरगुती खानावळी बऱ्या: उकडीचे मोदक, फणसाची भाजी, आमरस.

खोली घेताना समुद्र दिसतो का याआधी दोन प्रश्न विचारा: मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं, आणि वीज गेली तर पंखा चालतो का. आणि दोन्ही ठिकाणं एका आठवड्यात बसवू नका. मधला रस्ता वळणांचा आहे आणि मुलांना त्यातली फक्त उलटी आठवते.