घोट्याला पुरते, दाताला नाही: मैदानावरच्या तयार प्रथमोपचार पिशवीचं परीक्षण

खेळसाहित्याच्या दुकानात टांगलेली ती लाल झिपची तयार पिशवी गोव्यातल्या कित्येक फुटबॉल टीमच्या बाकाखाली दिसते. घोटा मुरगळला, गुडघा सोलला तर ती छान काम देते. क्रेप बँडेज जाड आहे, कात्री खरोखर कापते. पण हेडिंगला दोघे एकदम उडाले की कोपर बसतं तोंडावर, आणि तोंडासाठी या पिशवीत जवळजवळ काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे आतलं पत्रक.

पत्रक सांगतं, निखळलेला दात स्वच्छ धुऊन कोरड्या कापडात गुंडाळा. नेमकं हेच करायचं नाही. दाताच्या मुळावर पातळ आवरण असतं. त्यातल्या पेशी जिवंत राहिल्या तरच दात पुन्हा धरतो. घासलं की आवरण निघतं, आणि कोरड्यात तासाभरात त्या पेशी मरतात. काणकोणहून बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज गाठायला तासाहून जास्त लागतो. म्हणजे दात वाचायचा की नाही, हे मैदानावरच ठरतं.

दात नेहमी पांढऱ्या बाजूने धरावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये नुसता खळबळावा. नळाचंच पाणी असेल तर १० सेकंद पुरे. फुगीर बाजू ओठाकडे ठेवून, शेजारच्या दातांशी ओळ जुळवत, हलक्या दाबाने खाचेत बसवावा आणि खेळाडूला गॉझची घडी किंवा रुमाल चावून धरायला सांगावं. १५ मिनिटांत बसला तर उत्तम. मग थेट दंतवैद्य: तो दात शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारावं. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

बसवणं जमत नसेल किंवा खेळाडू शुद्धीवर नसेल तर दात थंड दुधात ठेवावा. साधं दूध, ताक नको, सुगंधी दूध नको. शहाळ्याचं पाणी, म्हणजे आपलं आडसर, मैदानाबाहेर सहज मिळतं, पण ते आम्लधर्मी असतं, दुधाची बरोबरी करत नाही. म्हणून आमची पहिली भर: साध्या दुधाचा छोटा टेट्रा पॅक आणि घट्ट झाकणाची डबी. पॅक न फोडता फ्रिजशिवाय टिकतो, तारीख तेवढी बघावी. दाताचा तुकडा पडला असेल तर तोही याच डबीत घालावा, बरेचदा चिकटवता येतो. तुकडा सापडलाच नाही आणि ओठ फाटलाय, तर तो ओठातच रुतलेला असू शकतो. डॉक्टरांना तसं सांगावं.

नाकातून रक्त आलं तर पत्रक मान मागे टाकायला सांगतं. तेही चूक, रक्त घशात उतरतं. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग सलग १० मिनिटं दाबावा, मध्ये सोडून बघू नये. नंतर टॉर्च मारून आत पाहावं. मधल्या पडद्यावर मऊ, लालसर फुगवटा दिसला तर त्याच दिवशी इस्पितळात न्यावं. आत साठलेलं रक्त काढलं नाही तर कूर्चा कुजते आणि नाक बसतं.

तिसरी चूक जबड्याची: हनुवटीखालून डोक्यावर घट्ट पट्टी. तोंडात रक्त असताना किंवा उलटी झाली तर त्याने श्वास कोंडतो. बसवून पुढे झुकवावं, रक्त बाहेर गळू द्यावं. दात नेहमीसारखे जुळत नाहीत, जिभेखाली निळसर डाग आहे, खालचा ओठ बधिर आहे, यांपैकी काहीही असलं तर जबडा मोडलाय असंच धरून चालावं. गालावर मार बसून एकाचे दोन दिसत असतील तर नाक शिंकरू द्यायचं नाही. शुद्ध हरपली, मान दुखतेय, श्वास अडकतोय, तर हलवाहलव न करता १०८.

आतल्या बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. कापूस तोंडात घालू नये, तंतू जखमेत अडकतात. त्याऐवजी १० सेंटिमीटरचे निर्जंतुक गॉझ घ्यावेत. वेदनाशामक स्प्रे चेहऱ्यावर नको. चिकटपट्ट्या घामेजल्या गालावर टिकत नाहीत. दाबली की आतली पाण्याची पुडी फुटून गार होणारी थंड पिशवी घेताना हलकेच हलवून पाहावी, आतले रसायनाचे दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत; पावसाळ्यानंतर तर आवर्जून. हातमोजे एकच जोडी आहे, पाच तरी हवेत. ०.९ टक्के सलाइनची १०० मिलीची बाटली आणि छोटा टॉर्च आपला आपण घालावा.

पाचपैकी अडीच गुण, तेही क्रेप बँडेज आणि कात्रीचे. पिशवी घ्यायला हरकत नाही. पत्रक मात्र त्याच दिवशी काढून टाकावं आणि झाकणाच्या आत जाड अक्षरांत लिहून ठेवावं: दात मुळाला धरू नको, बसव, नाहीतर दुधात.