ब्लू कार्ड की चान्सनकार्टे : जर्मनीला कुठल्या कागदावर जायचं?

पुण्या-मुंबईच्या इंजिनिअर मंडळींत जर्मनीचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, आधी ऑफर मिळव आणि ब्लू कार्ड, म्हणजे हातातल्या नोकरीवर मिळणारा पदवीधरांचा परवाना, घेऊनच विमानात बस. दुसऱ्याचं म्हणणं, इथे बसून अर्ज टाकले तर कोण विचारतंय, चान्सनकार्टे, म्हणजे नोकरी शोधायचा परवाना, काढ आणि तिथे जाऊन शोध. माझं मत आधीच सांगून टाकतो. चार-पाच वर्षांचा अनुभव असेल आणि घरी बायको-मुलं किंवा नवरा-मुलं असतील, तर चान्सनकार्टे हा दुसऱ्या नंबरचा पर्याय आहे. एकटे असाल आणि जर्मन बऱ्यापैकी येत असेल, तर मात्र विचार करण्यासारखा आहे.

ब्लू कार्डाचा मामला सरळ आहे. मान्य पदवी, त्या पदवीला साजेशी किमान सहा महिन्यांची नोकरी आणि ठरलेला पगार. 2026 साठी वर्षाचा किमान पगार 50,700 युरो आहे. इंजिनिअरिंग, आयटी, डॉक्टरकी अशी जिथे माणसं कमी पडतात ती क्षेत्रं आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेले नवखे, यांच्यासाठी 45,934 युरो आणि वर थोडे सेंट. 2025 मध्ये हेच आकडे 48,300 आणि 43,759 होते. दर जानेवारीत ते सरकतात, त्यामुळे डिसेंबरात काठावर बसणारी ऑफर जानेवारीत खाली राहू शकते. एचआरशी बोलताना हे आधी बघा. आणि हा पगार कर-विमा कापण्याआधीचा. एकट्या माणसाच्या हातात त्याच्या दोन तृतीयांशापेक्षा थोडं कमीच पडतं. आयटीत पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा चांगला अनुभव असेल तर ब्लू कार्ड मिळू शकतं.

पगार या रकमेखाली राहिला म्हणून ऑफर फेकून देऊ नका. पदवीधरांसाठी साधा कुशल कामगार व्हिसाही असतो. फायदे थोडे कमी, पण रस्ता तोच.

चान्सनकार्टे 1 जून 2024 पासून सुरू झालं. नोकरी हातात नसताना जर्मनीत जाऊन ती शोधायची परवानगी, जास्तीत जास्त एक वर्षाची. तुमची पदवी तिथे पूर्ण मान्य असेल तर गुणांची भानगडच नाही. हे अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये बघायचं, आणि दोन ठिकाणी: विद्यापीठ आणि पदवी. लोक विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे विद्यापीठ मान्य) दिसलं की खूश होतात आणि पदवीची ओळ बघतच नाहीत. ती नसेल तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं, फी 208 युरो. ब्लू कार्डालाही हीच तपासणी लागते, म्हणजे कुठलाही रस्ता धरा, पहिलं काम हेच.

पदवी पूर्ण मान्य नसेल तर सहा गुण जमवायचे. त्याआधी जर्मन ए-1 किंवा इंग्रजी बी-2 हवंच (या भाषेच्या पातळ्या, ए-1 सगळ्यात खालची, मग ए-2, बी-1 अशा चढत्या). समजा चिंचवडच्या कारखान्यात सात वर्षं काढलेला 33 वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. वय पस्तिशीच्या आत, 2 गुण. गेल्या सात वर्षांत त्याच क्षेत्रात पाच वर्षांचा अनुभव, 3. इंग्रजी सी-1, 1. झाले सहा. हाच माणूस 37 चा असता तर वयाचा एकच गुण, आणि गाडी पाचावर अडली असती. मग जर्मन ए-2 केलं की एक गुण, बी-1 ला दोन, बी-2 ला तीन. वयाचे गेलेले गुण परत येत नाहीत, भाषेचे मिळवता येतात. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट असताना तर सबबच नाही.

आता पैसा. ब्लू कार्डावर जाणाऱ्याला पगार हाच पुरावा. चान्सनकार्टेवाल्याला महिन्याला 1,091 युरो दाखवावे लागतात (2025 चा आकडा), म्हणजे वर्षाचे 13,092. बहुतेक जण ते श्पेरकोन्टोत, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच सोडणाऱ्या खात्यात भरतात. युरो शंभर रुपये धरला तरी तेरा लाखांच्या वर रक्कम एका झटक्यात अडकते. तिथे आठवड्याला वीस तासांपर्यंत कुठलंही काम करता येतं. 2026 चं किमान वेतन तासाला 13.90 युरो, म्हणजे आठवड्याचे 278. म्युनिकमध्ये यातला मोठा भाग खोलीच्या भाड्यातच जाईल. शिवाय एकेका कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करता येतं. छोट्या गावातल्या यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना माणूस समोर बसलेला लागतो, तिथे याचा खरा उपयोग होतो.

पण खरी अडचण घराची. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद हवा. घरमालक पगाराच्या स्लिपा मागतो. नोकरी असलेल्याला कंपनीचं पत्र तरी दाखवता येतं. शोधणाऱ्याकडे काय असतं? मग तो महिना-दोन महिन्यांच्या तात्पुरत्या खोल्यांत राहतो, आणि त्यातले बरेच मालक नोंदणी करू देत नाहीत. नोंदणी नाही तर कर क्रमांक येत नाही. नोंदणी झाली तरी तो क्रमांक टपालाने येतो, आणि तिथे इमारतींना फ्लॅट नंबर सहसा नसतात: पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघतो. कुलकर्ण्यांची चिठ्ठी पेटीवर चिकटलेली नसेल तर पत्र आलं तसं परत. खोली घेताना भाड्याआधी दोन प्रश्न विचारा: नोंदणी होईल का, आणि पेटीवर नाव लावू द्याल का?

कुटुंबाच्या बाबतीत तर तुलनाच नाही. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर कुठलीही नोकरी करता येते. चान्सनकार्टेवर जोडीदाराला आश्रित म्हणून नेता येत नाही. त्याने स्वतःचं कार्ड मिळवलं तरच.

कायमच्या वास्तव्याचं गणितही ब्लू कार्डाच्याच बाजूने. बी-1 जर्मन असेल तर 21 महिन्यांत, ए-1 वर 27 महिन्यांत तो परवाना मागता येतो, अर्थात तितके महिने पेन्शनची वर्गणी भरलेली हवी. शोधाशोधीत गेलेलं वर्ष यात धरलं जात नाही. नागरिकत्व पाच वर्षांनी. तीन वर्षांची झटपट वाट ऑक्टोबर 2025 मध्ये बंद झाली. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, पण भारत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट सोडून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, घ्यावं लागतं.

मास्टर्स करून जाण्याचा तिसरा मार्ग पंचविशीच्या आतबाहेर असलेल्यांना चांगला. भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला, लागतं, फी 18,000 रुपये. श्पेरकोन्टोत वर्षाला 11,904 युरो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सत्राला 1,500 युरो आहे आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने 2024 पासून परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, म्हणजे चान्सनकार्टेपेक्षा सहा जास्त.

तेव्हा नोकरी चालू असेल तर ती सोडण्याआधी इथूनच सहा-आठ महिने जर्मन बी-1 वर आणि अर्जांवर घाला. ऑफर देणाऱ्या कंपनीला जलद प्रक्रियेबद्दल विचारा. ती जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयात 411 युरो भरून अर्ज करते आणि व्हिसाची तारीख व निर्णय काही आठवड्यांत मिळतात. इतकं करूनही ऑफर आली नाही, बी-1 झालेलं आहे, मागे कुणाची जबाबदारी नाही आणि तेरा लाख वर्षभर अडकले तरी घर चालतं, असं असेल तर चान्सनकार्टे काढा. मात्र परतीच्या तिकिटाचे पैसे त्या तेरा लाखांबाहेर ठेवा.