शंभर गुण मिळाले होते, तरी पान अडखळत होतं

लाइटहाउस या गूगलच्या वेबपान तपासणाऱ्या साधनावर ॲक्सेसिबिलिटीचे (म्हणजे दिव्यांगांसह सगळ्यांना पान वापरता येण्याचे) १०० पैकी १०० आले, म्हणून मी निर्धास्त होतो. तरी एका फ्रीलान्स तपासनीस बाईंकडून माझं लँडिंग पेज, म्हणजे लोक साइटवर आल्यावर आधी बघतात ते पान, तपासून घेतलं. बरं झालं.

त्यांनी स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवली. माउस बाजूला ठेवून नुसतं टॅब दाबत गेल्या. तिसऱ्या टॅबनंतर फोकस, म्हणजे आपण पानावर कुठे आहोत ती खूण, गायब! दिसायला छान म्हणून मीच सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) ती खूण दाखवणारी आउटलाइन काढून टाकली होती. मग १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत ४०० टक्के झूम केलं, म्हणजे ३२० पिक्सेलचा पडदा. माझा वर चिकटून राहणारा हेडर (पानाची वरची पट्टी) अर्धी जागा खाऊन बसला आणि फॉर्मचं बटण त्याच्याखाली दडलं. हे बघताना अक्षरशः कानकोंडा झालो.

फॉर्ममधल्या फिकट प्लेसहोल्डरलाच, म्हणजे रकान्यात आधीपासून दिसणाऱ्या मजकुरालाच, मी लेबल समजत होतो. टाइप करायला लागलं की तो नाहीसा, मग रकाना कशाचा होता हे आठवत बसा. त्याच्या #९९९ या राखाडी रंगाचा पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट (उठाव) जेमतेम २.८५:१ भरतो, हवा ४.५:१. रंग जरा गडद, #७६७६७६ केल्यावर उठावाचं काम भागलं.

लेआउटबद्दलचे शेरे मात्र त्रोटक. 'मोकळी जागा वाढवा' म्हणजे नेमकी कुठे? विचारल्यावर दुसऱ्या दिवशी खुणा केलेला स्क्रीनशॉट आला, तो आधीच द्यायला हवा होता. शिवाय आधी काय दुरुस्त करायचं, तो क्रमही मलाच लावावा लागला.

पुढचं पान कोड लिहिण्याआधीच, डिझाइन असतानाच त्यांना दाखवणार आहे.