नाक काळं पडलं म्हणून गेले आणि महिन्यापूर्वीचा ताप कसला होता ते कळलं (स्किन ओपीडी, ४ स्टार)

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली थोडी तक्रार पण आहे. मुंबईतलंच, पालिकेचं, मोठं.

गणपतीच्या आधी मला ४ दिवस सणकून ताप होता आणि सांधे असे धरलेले की सकाळी पेस्टची ट्यूब दाबता येईना. फॅमिली डॉक्टरांनी मलेरिया आणि डेंग्यूची एनएस वन केली, दोन्ही निगेटिव्ह, मग काय, व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या. ताप गेला. आणि त्यानंतर ३ आठवड्यांनी नाक काळं पडायला लागलं. फक्त नाक हो! शेंडा आणि दोन्ही नाकपुड्या, कोणीतरी तव्याच्या काजळीचं बोट फिरवल्यासारखं, बाकी चेहरा जसाच्या तसा. लेडीज डब्यात एका मावशींनी तर "अगं नाकाला काहीतरी लागलंय बघ" म्हणून स्वतःचा रुमाल काढून दिला.

आई म्हणे वाफ जास्त घेतलीस, भाजलंय. पार्लरवाली म्हणे टॅन आहे, आणि तिने स्क्रब घासून घासून जी काही आग केली ती विचारूच नका. मग मेडिकलवाल्याने एक गोरं करायची ट्यूब दिली, ती मी १५ दिवस लावली, माझाच गाढवपणा.

शेवटी सुट्टी टाकून ओपीडीला गेले. केसपेपरची लाइन सव्वा तास, वर स्किनची वेगळी लाइन, पंखा एक आणि माणसं शंभर, बसायला बाक नाही, नंबर पुकारतात तो ऐकूच येत नाही. एक स्टार तिथेच कापला.

पण आतल्या मॅडम! त्यांनी नाकाकडे बघितलं, जेमतेम अर्धा मिनिट, आणि पहिला प्रश्न, "ट्यूब कुठली लावतेयस?" दुसरा, "गेल्या महिन्यात ताप येऊन सांधे धरले होते का?" मी उडालेच. मी तापाचं अजून काही बोललेच नव्हते. म्हणाल्या हे चिकनगुनियात होतं, ताप उतरल्यावर काही लोकांच्या नाकावर असा काळपट डाग येतो, डॉक्टर लोक त्याला चिक साइन म्हणतात. एनएस वन फक्त डेंग्यूची टेस्ट, त्यात चिकनगुनिया दिसणारच नव्हता. मग रक्ताची आयजीएम करायला लावली, पॉझिटिव्ह आली. तोपर्यंत शिकणारी ४-५ मुलं माझ्या नाकाभोवती गोळा, पण फोटो काढायच्या आधी विचारलं, हे आवडलं.

घरी येऊन वाचलं तर हा आजार पहिल्यांदा ओळखला तो १९५२ साली टांझानियात आणि नाव तिथल्या माकोंडे भाषेतलं, वेदनेने वाकणं अशा अर्थाचं. आमच्या बिल्डिंगचा जिना उतरताना मी अगदी तश्शीच दिसत होते.

औषध म्हणाल तर फार काही नाही. ट्यूब आधी बंद करायला लावली, त्यात स्टेरॉइड होतं, म्हणे अशाने कातडी पातळ होते आणि डाग हट्टी होतो. घासायचं नाही, पार्लर नाही, बाहेर पडताना सनस्क्रीन आणि ते दुपारी परत लावायचं. डाग जायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, घाई करू नकोस म्हणाल्या. बोटं अजून सकाळी आखडतात त्यासाठी खालच्या मजल्यावर दुसऱ्या ओपीडीला पाठवलं, तिथली लाइन वेगळी, त्यावर लिहायला बसले तर अजून एक रिव्ह्यू होईल.

आता अडीच महिने झाले, नाक बऱ्यापैकी माणसात आलंय, शेंड्यावर थोडी सावली आहे फक्त. जाणार असाल तर ८ च्या आधी पोचा, पाण्याची बाटली न्या, आणि तापातले रिपोर्ट आणि लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, लाजू नका, माझ्या पुढच्या काकांनी ७ काढल्या टेबलावर.