डॉलर-डॉलर, चौकटी कंस की तीन बॅकटिक? मार्कडाउनमध्ये वेगळ्या ओळीतलं समीकरण कसं लिहायचं

नोट्स, प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन किंवा प्रबंधाचा कच्चा खर्डा मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच खुणा देऊन मांडणी करायची पद्धत) ठेवणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये कधी ना कधी हा वाद होतोच, की स्वतंत्र ओळीत मधोमध येणारं समीकरण $$ मध्ये लिहायचं, \[ \] मध्ये लिहायचं, की तीन बॅकटिक (` हे चिन्ह) देऊन पुढे math लिहायचं आणि आत समीकरण टाकायचं. दिसायला तिन्ही सारखीच येतात, म्हणून बहुतेक जण कुठलं टाइप करायला सोपं यावर भांडतात. माझ्या मते प्रश्न वेगळाच आहे: समजा समोरच्या प्रोग्रॅमला तुमचा सिंटॅक्स नाही कळला, तर तुमच्या समीकरणाचं काय होणार?

मूळ लोचा असा, की जॉन ग्रूबरने २००४ मध्ये मार्कडाउन काढलं तेव्हा त्यात गणित नव्हतंच, आणि मार्कडाउनचे नियम नेमके ठरवायला नंतर आलेल्या कॉमनमार्कच्या स्पेसिफिकेशनमध्येही नाही. त्यामुळे ज्याने त्याने आपापलं जोडलं.

आधी चौकटी कंस बघू, कारण लेटेकवाले (गणिती मजकूर छापायची ही जुनी प्रणाली) तेच आणतात आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या घरात बरोबरच आहे. लेटेकमध्ये $$ वापरू नका म्हणतात, कारण वर-खालची मोकळी जागा नीट येत नाही आणि समीकरणं डावीकडून सुरू करायचा ऑप्शन दिला तरी $$ वालं मधेच राहतं. पण मार्कडाउनमध्ये बॅकस्लॅशनंतर कुठलंही विरामचिन्ह आलं की बॅकस्लॅश गिळला जातो, म्हणजे \[ चं नुसतं [ उरतं, आणि पान उघडल्यावर चौकटी कंसात अडकलेला उघडा कोड दिसतो. एआय चॅटबॉटचं उत्तर कॉपी करून नोट्समध्ये टाकल्यावर हे दृश्य ज्याने पाहिलं नाही असा माणूस आता सापडणं अवघड आहे. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी \\[ लिहायला सांगतात, पॅन्डॉकमध्ये (फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारा प्रोग्रॅम) दोन्हींसाठी वेगवेगळी एक्स्टेन्शन्स आहेत, पण ती मुद्दाम चालू करावी लागतात. शुद्ध लेटेक किंवा मॅथजॅक्स (वेबपानावर समीकरणं दाखवणारी स्क्रिप्ट) लावलेलं साधं एचटीएमएल असेल तर \[ \] झकास, मार्कडाउनसाठी मात्र माझं मत सरळसरळ "नको".

आता डॉलर. डोनाल्ड क्नूथने टेकमध्ये (लेटेक ज्यावर उभं आहे ती प्रणाली) डॉलरचं चिन्ह घेतलं ते गंमत म्हणून, गणित छापणं महाग पडतं यावरून. (आपण हिशेब रुपयात लिहितो म्हणून आपल्याला एकेरी डॉलरचा त्रास कमी, पण अमेरिकेतल्या माणसाने एका वाक्यात दोन किमती लिहिल्या की मधला मजकूर तिरका होऊन गणित बनायचा धोका असतो, म्हणूनच मॅथजॅक्समध्ये एकेरी डॉलर मुळात बंद असतो.) $$ ची खरी ताकद म्हणजे ते जवळजवळ सगळीकडे चालतं: पॅन्डॉक, ज्युपिटर, ऑब्सिडियन, क्वार्टो, गिटहब, मॅथजॅक्स, केटेक. आणि लेटेकवाल्यांचा मोकळ्या जागेचा आक्षेप पॅन्डॉकला लागू नाही, कारण पीडीएफ काढताना तो तुमच्या $$ चं स्वतःच \[ \] करून देतो.

पण जिथे मार्कडाउनचा पार्सर (खुणा वाचून मांडणी करणारा भाग) आधी धावतो आणि गणिताची स्क्रिप्ट नंतर येते तिथे $$ चे हाल होतात, कारण डॉलरच्या आतला मजकूर पार्सरच्या लेखी साधा परिच्छेदच असतो. मग मॅट्रिक्सच्या ओळी तोडणाऱ्या \\ मधला एक बॅकस्लॅश जातो आणि सगळ्या ओळी एकाला एक चिकटतात, \{ चा महिरपी कंस दिसेनासा होतो, बारीक जागा सोडणाऱ्या \, ऐवजी खराखुरा स्वल्पविराम उगवतो. महिरपी कंसाला लागून आलेल्या दोन अंडरस्कोअरमधला भाग इटॅलिक होतो. लांब समीकरण तोडताना एखादी ओळ + ने सुरू केली तर बुलेट लिस्ट सुरू, आणि ओळीवर नुसतं = ठेवलं तर वरचा सगळा भाग मोठ्ठं हेडिंग! वाईट म्हणजे यातलं काही काही पटकन लक्षात येत नाही, मॅट्रिक्स चिकटली तर दिसते, पण एक स्वल्पविराम जास्तीचा आला तर कोण बघतंय.

तीन बॅकटिकवाली पद्धत नेमकी इथे जिंकते. गिटलॅबमध्ये ती आधीपासून होती, गिटहबने मे २०२२ मध्ये डॉलरवालं गणित सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत ही पण दिली. फेन्स (म्हणजे हेच तीन बॅकटिकचं कुंपण) लागली की पार्सर आत हात घालत नाही, आणि समजा एखाद्या जागी गणित चालतच नसेल तर तिथे कोड ब्लॉक दिसतो, म्हणजे कच्चा कोड, पण एकही अक्षर न हललेला. गॅसचा नॉब बिघडला तर बंद होऊन बिघडावा, चालू राहून नको, तसं आहे हे.

तोटे आहेत. एक म्हणजे पॅन्डॉकचं नेहमीचं मार्कडाउन याला कोड ब्लॉकच समजतं, तिथे लुआ भाषेतला छोटा फिल्टर लावावा लागतो. दुसरा मला जास्त खटकतो: फेन्स हा स्वतंत्र ब्लॉक आहे, त्यामुळे वाक्याच्या मधेच समीकरण आलं आणि पुढे "इथे म हे वस्तुमान" असं वाक्य चालू राहिलं, तर ते नवीन परिच्छेद म्हणून मोजलं जातं, आणि पीडीएफमध्ये पहिली ओळ आत सरकवायची स्टाइल असेल तर विचित्र दिसतं. पॅन्डॉकमध्ये $$ परिच्छेदाच्या आतच राहतं, वाक्य तुटत नाही. गणिताचे लेख लिहिणाऱ्याला हा फरक रोज जाणवेल, सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याला बहुधा कधीच नाही.

(पॅन्डॉकवाल्या जॉन मॅकफार्लेननेच नंतर जॉट नावाचं मार्कअप काढलं, त्यात $$ च्या पुढे बॅकटिक देऊन समीकरण लिहितात, दोन्हींचा मेळ. आवडलं मला, पण ते चालतं फार कमी ठिकाणी.)

तर फायली गिटहब-गिटलॅबवरच वाचल्या जाणार असतील तर फेन्स घ्या, डोळे झाकून. शेवटी पॅन्डॉक किंवा क्वार्टोमधून पीडीएफ काढायची असेल, किंवा नोट्स चार अ‍ॅपमध्ये फिरणार असतील, तर $$ ठेवा, मात्र डॉलर स्वतंत्र ओळीवर आणि आत रिकामी ओळ नको, पॅन्डॉकला ती चालत नाही.

जुन्या फायली \[ वरून बदलणार असाल तर आंधळं फाइंड-रिप्लेस करू नका. मॅट्रिक्समध्ये ओळींतलं अंतर वाढवायला \\ च्या पुढे चौकटी कंसात माप लिहितात, त्या \\[ मध्येही \[ सापडतं आणि तिथे डॉलर घुसले की अख्खं समीकरण फुटतं, म्हणून ज्या ओळीवर \[ एकटंच आहे तेवढंच बदला आणि उरलेली हाताने बघा.