काळी अंडी दाखवून गळ्यात मारलेली ट्रायकोकार्डं

मार्चअखेरीस माझ्या सुरू हंगामातल्या उसात पोंगे, म्हणजे मधले कोवळे शेंडे, वाळायला लागले. पोंगा धरून ओढला की अलगद हातात येत होता आणि बुडाला घाण वास. खोडकिडाच. औषध मारण्यापेक्षा मित्रकीटक सोडू म्हटलं आणि गावात फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून दोन एकरांसाठी सहा ट्रायकोकार्डं घेतली, म्हणजे आत मित्रकीटक वाढत असलेली बारीक अंडी चिकटवलेली कार्डं.

भर दुपारी त्यानं ती स्कूटरच्या डिकीतून काढली. पारा ४१ वर. मी विचारलं, "गारव्यात नाही ठेवत?" तर म्हणाला, "दादा, उष्णतेनं माशी लवकर निघते. अंडी बघा की, काळीभोर आहेत."

दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या होत्या, म्हणूनच मी फसलो. कार्डावर तांदळावरच्या पतंगाची अंडी असतात, त्यांत ट्रायकोग्रामा ही मित्रमाशी स्वतःचं अंडं घालते. तीन-चार दिवसांत पतंगाचं अंडं काळं पडतं आणि २६ ते २८ अंशांत आठवडाभरात टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी बाहेर येते. ऊब वाढली की दिवस कमी होतात, हे खरं. पण पारा ३५ च्या वर राहिला की बऱ्याच माश्या आतच मरतात. निघाल्या तरी फार जगत नाहीत, अंडीही कमी घालतात. आणि मेलेलं अंडं काळंच राहतं! माशी उडून गेलेलं रिकामं कवचसुद्धा काळंच, फक्त त्याला बारीक भोक असतं. ते भिंगाशिवाय दिसत नाही, आणि मी भिंग घेऊन गेलो नव्हतो.

संध्याकाळी पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचल्या. एक पट्टी बायकोनं काचेच्या बाटलीत टाकून तोंडाला फडकं बांधलं. दहा दिवस झाले, बाटलीत एकही माशी नाही. मग रिकाम्या पाकिटावरचं तारखेचं स्टिकर नखानं खरवडलं, तर खाली महिन्यापूर्वीची तारीख. फोन बंद. पावती मी मागितलीच नव्हती, त्यामुळे तक्रार करायला हातात काही नाही.

पैशांपेक्षा ते वाया गेलेले दहा दिवस मनाला जास्त लागले. ही माशी फक्त किडीच्या अंड्यावर काम करते. अळी एकदा खोडात शिरली की तिला काही करता येत नाही, आणि तेवढ्यात कितीतरी फुटवे गेले.

पुढची कार्डं कृषी विज्ञान केंद्रातून बर्फाच्या डब्यात आणली, पावतीसकट, दिवस मावळताना. बाटलीत पुन्हा एक पट्टी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी काचेवर धुळीसारखे कण चालत होते.