पहिल्या पिढीचा लॅपटॉप घ्यावा का? मराठवाड्यात एक उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

घाईत असणाऱ्यांसाठी उत्तर आधीच. ज्या टेबलावर बोटाच्या ठशाचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन आणि जुना लेझर प्रिंटर आहे, तिथं पहिल्या पिढीचा लॅपटॉप आणू नका. ब्राउजर, ऑफिस, ऑनलाइन वर्ग आणि मराठी टायपिंग एवढंच काम असेल तर जरूर घ्या. फक्त बाजारात आल्या-आल्या उडी मारू नका, सहा-आठ महिने जाऊ द्या, आणि घेतल्यावर स्क्रीन पहिल्या आठवड्यातच कसून तपासा.

वापरातली मशीन दोन. दोन्ही क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स या चिपच्या पहिल्या खेपेतल्या, म्हणजे जून २०२४ पासून विक्रीला आलेल्या मालिकेतल्या. १६ जीबी रॅम, १४ इंची स्क्रीन. एकाला ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी), दुसऱ्याला आयपीएस (मागून दिवा असलेली एलसीडी). कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ‘पहिली पिढी’ तीन जागी असू शकते: चिप नवी, बॉडी आणि बिजागरी नवी, किंवा पॅनल नवं. जुन्याच बॉडीत नवी चिप टाकलेलं मॉडेल त्यातल्या त्यात बरं, कारण बिजागरी, कीबोर्ड आणि हवा खेळण्याची व्यवस्था आधीच्या ग्राहकांनी वापरून सिद्ध केलेली असते. तिन्ही एकदम नवं असेल तर चाचणीचं काम आपल्या पैशानं होतं. दुकानदाराला सरळ विचारा, याच बॉडीत मागच्या वर्षी इंटेल किंवा रायझेनचं मॉडेल होतं का?

आता स्क्रीन. माहितीपत्रकात तीन आकडे बघायचे: निट्स (उजेडाचं माप), रंगांची टक्केवारी (एनटीएससी किंवा एसआरजीबी या मापपट्ट्यांवर) आणि रिझोल्यूशन. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं पॅनल एसआरजीबीच्या साधारण ६२-६३ टक्केच रंग दाखवतं. लाल रंग विटकरी दिसतो, लग्नाच्या अल्बमचं काम करणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. १०० टक्के एसआरजीबी म्हणजे जवळपास ७२ टक्के एनटीएससी. उजेडाचं म्हणाल तर २५० निट्स आतल्या खोलीत चालतात, पण रस्त्याकडे तोंड असलेल्या गाळ्यात दुपारी बारानंतर काही दिसत नाही. तिथं ४०० निट्स आणि मॅट पृष्ठभाग हवा. ओलेड जवळजवळ सगळे चकचकीत काचेचे. आकडा ४०० चा असला तरी समोरच्या शटरचं प्रतिबिंब अक्षरांवर बसतं. आमचं मत म्हणाल तर दर्शनी गाळ्यासाठी मॅट आयपीएसच बरा, ओलेड कितीही देखणा असला तरी.

रिझोल्यूशनचा फरक इंग्रजीपेक्षा देवनागरीत जास्त जाणवतो. १५.६ इंचावर १३६६ गुणिले ७६८ म्हणजे इंचाला साधारण १०० बिंदू. एवढ्यात सातबाऱ्याच्या पीडीएफमध्ये ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्या डोक्यावरची शिरोरेघेतली फट बुजते, आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार मोठा केल्याशिवाय ओळखू येत नाही. खातेदाराचं नाव किंवा गट क्रमांक टाइप करताना हेच महागात पडतं. १४ इंचावर १९२० गुणिले १२०० म्हणजे १६२ बिंदू. इथं १२५ टक्के स्केलिंगवर अक्षर स्वच्छ दिसतं. २८८० गुणिले १८०० च्या ओलेडवर २४० च्या वर जातं, पण बॅटरी त्या हिशेबात जास्त खर्च होते.

बॉक्स उघडल्यावर करायची तपासणी अशी. लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा अशी पाच साधी चित्रं एकेक करून पूर्ण स्क्रीनवर लावा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. एखादा ठिपका सगळ्या रंगांत काळा राहिला तर पिक्सेल मेलेला. एकाच रंगात अडकला असेल तर उपपिक्सेलचा (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या किंवा निळ्या भागाचा) दोष. मग खोली अंधारी करून काळं चित्र लावा. आयपीएसच्या कडांना उजेड दिसेलच. मान हलवल्यावर तो सरकला किंवा कमी-जास्त झाला तर ती आयपीएसची नेहमीची चमक. एकाच जागी ठाण मांडून बसला तर बॅकलाइटची गळती. गळती असेल तर बदलून मागा. बेझलचे (स्क्रीनभोवतीच्या चौकटीचे) स्क्रू सैल करण्याचे उपाय व्हिडिओंत दाखवतात, त्यांच्या नादी लागू नका, वॉरंटी जाते.

एका मेलेल्या ठिपक्यावर कंपनी बदलून देईलच असं नाही. आयएसओ १३४०६-२ या जुन्या मानकात दुसऱ्या वर्गाच्या पॅनलला दर दहा लाख पिक्सेलमागे २ कायम पेटलेले आणि २ कायम विझलेले चालायचे, आणि आजही बऱ्याच कंपन्यांचे नियम त्याच धाटणीचे आहेत. १९२० गुणिले १२०० मध्ये २३ लाख पिक्सेल असतात, म्हणजे चार पेटलेले ठिपकेसुद्धा ‘नियमात’ बसू शकतात. म्हणून विक्रेत्याची बदलीची मुदत, जी ऑनलाइन खरेदीत बहुधा ७ दिवसांचीच असते, ती हातची घालवू नका. बॉक्स उघडतानाचा सलग व्हिडिओ ठेवा.

आणखी एक गंमत म्हणजे पॅनलची लॉटरी. एकाच मॉडेल क्रमांकात दोन-तीन कारखान्यांची पॅनलं येतात आणि परीक्षणात वाखाणलेलं पॅनल तुम्हाला मिळेलच असं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ला ‘हार्डवेअर आयडी’ बघा. बीओई, एयूओ, एलजीडी, सीएमएन, एसडीसी अशा, पॅनल बनवणाऱ्या कंपनीच्या तीन अक्षरांनी सुरू होणारा कोड दिसेल. त्या कोडावरून शोधलं की रंग आणि निट्सची खरी माहिती बहुतेक वेळा मिळते.

ओलेडवर दोन काळज्या. कमी ब्राइटनेसला बरेचसे लॅपटॉप-ओलेड सेकंदाला २४० वेळा उघडझाप करतात. काहींचं डोकं धरतं, काहींना पत्ताही लागत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला शटर १/१००० ठेवून स्क्रीनकडे बघा, काळे पट्टे दिसले की समजायचं. डोळ्यांना त्रास होत असेल तर ब्राइटनेस वर ठेवून रंगसंगती गडद करणं हा उतारा. दुसरी काळजी डागांची. सेवा केंद्रात दिवसभर एकच पोर्टल उघडं राहतं आणि खालचा टास्कबार हलत नाही, ओलेडला नेमकं हेच बाधतं. टास्कबार आपोआप लपणारा करा आणि स्क्रीन दोन-तीन मिनिटांत बंद होईल असं ठेवा. एवढं करून ओलेडवर अजून डाग दिसलेला नाही. पण दिवसाचे दहा तास काउंटरवर तो लावावा, असं तरीही म्हणणार नाही.

खरं घोडं पेंड खातं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे जोडलेलं यंत्र विंडोजला चालवू देणाऱ्या प्रोग्रॅमपाशी. स्नॅपड्रॅगनवरचं विंडोज आर्म जातीचं, म्हणजे मोबाइलसारख्या चिपांसाठीचं. इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम ‘प्रिझम’ हा दुभाष्या चालवून देतो, आणि बहुतेक बरे चालतात. मात्र ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो. तिथं दुभाष्याला प्रवेश नाही, ड्रायव्हर आर्म-६४ चाच लागतो. सुरुवातीच्या प्रिझमला एव्हीएक्स (जड गणितं झटपट करण्यासाठीच्या) सूचनाही कळत नव्हत्या. त्यामुळे काही व्हिडिओ आणि डिझाइनची सॉफ्टवेअर उघडतच नसत. ती सोय नंतरच्या अपडेटमध्ये आली. पहिल्या पिढीत घाई करू नका म्हणतो ते अशाच गोष्टींसाठी.

काउंटरवर याचा अर्थ काय होतो ते बघा. ठशाच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे ठसा पोर्टलपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, कॉम्प्युटरच्या आतल्या स्थानिक पोर्ट १११०० ते १११२० या पट्ट्यात ऐकत बसते. ड्रायव्हर बसला नाही तर सर्व्हिस सुरू दिसते आणि पोर्टल मात्र ‘डिव्हाइस सापडलं नाही’ म्हणतं. मग माणूस केबल बदलतो, यूएसबीची जागा बदलतो, सर्व्हिस पुन्हा टाकतो. गुण येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला की शोध तिथंच थांबवा. मशीनच्या कंपनीला एकच प्रश्न विचारा: विंडोज आर्म-६४ चा ड्रायव्हर आहे का? ‘विंडोज ११ ला चालतं’ हे उत्तर धरू नका. जुने यूएसबी लेझर प्रिंटर, ज्यांचं सगळं गणित कॉम्प्युटरच करतो, त्यांचीही तीच गत. वायफाय किंवा लॅनवरचा, आयपीपी (छपाईची सामायिक भाषा) समजणारा प्रिंटर विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो. डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल लागत असेल तर डोंगलच्या ड्रायव्हरचीही आधी चौकशी करा. डिजिटल सहीचं टोकन जोडून ज्या पोर्टलवर सही करायची, तिथं प्रत्यक्ष सही होईपर्यंत बदलीची मुदत संपू देऊ नका.

मराठी टायपिंगचं मात्र काही अडत नाही. विंडोजमधलाच मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड थेट चालतो. कुठला प्रोग्रॅम मूळ आर्मचा आणि कुठला दुभाष्यावर चाललाय हे टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘आर्किटेक्चर’चा रकाना लावला की दिसतं. दुभाष्यावरचे प्रोग्रॅम जास्त असतील तर जाहिरातीतला बॅटरीचा आकडा विसरा.

आता आपल्याकडचं ऊन. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराची वरची मर्यादा ३५ अंश असते. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं सहज जातो, आणि पत्र्याच्या गाळ्यात त्याहून जास्त. स्नॅपड्रॅगनच्या या चिपा कमी तापतात ही जमेची बाजू खरी; हलक्या कामात पंखा ऐकूही येत नाही. तरी भर दुपारी बॅटरी चार्ज व्हायला वेळ लागतो, कारण लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं धोक्याचं असल्यानं मशीन स्वतःच वेग कमी करतं. चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. सेलू, मानवत, माजलगावकडं जिनिंगच्या मोसमात कापसाचा तंतू पंख्याच्या जाळीत बसतो आणि धुळीसोबत त्याची नमद्यासारखी पट्टी होते. ब्लोअर मारण्याआधी मशीन बंद करा आणि पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा, नाहीतर भलत्या वेगानं फिरून मोटर बिघडू शकते.

विजेचं तर विचारूच नका. शेतीपंपांच्या वेळी दाब पडला तर चार्जर निभावून नेतो, कारण तो १०० ते २४० व्होल्टचा असतो. न्यूट्रल तुटून २३० चे चारशेच्या आसपास झाले की मात्र चार्जर जातो, कधी बोर्डही. क्षणिक झटक्यांसाठी अर्थिंग असलेला स्पाइक गार्ड घ्या. धातूच्या बॉडीवर हाताला मुंग्या येत असतील तर दोन पिनी चार्जर किंवा नसलेलं अर्थिंग हे कारण, लॅपटॉपचा दोष नव्हे.

भरवशाचा इतिहास दोन्हीकडून बोलतो. २०१६ च्या मॅकबुक प्रोच्या नव्या बॉडीत स्क्रीनची केबल आखूड होती. उघडझाप होऊन ती झिजली की स्क्रीनच्या तळाशी रंगमंचावरच्या दिव्यांसारखे पट्टे दिसायचे. १३ इंचीसाठी ॲपलनं मोफत दुरुस्ती जाहीर केली ती मे २०१९ मध्ये. जानेवारी २०११ मध्ये इंटेलला सँडी ब्रिज प्रोसेसरसोबतच्या चिपसेटची विक्री थांबवावी लागली, काही साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) कालांतरानं मंदावत होते. उलट नोव्हेंबर २०२० चा ॲपलच्या एम१ चिपचा लॅपटॉप पहिल्याच पिढीत उत्तम निघाला. बाहेरचा मॉनिटर अधिकृतपणे एकच, एवढीच मोठी मेख. आणि २०२४ मध्ये ज्यांच्या अस्थिरतेवर इंटेलला दुरुस्ती आणून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली, ते डेस्कटॉप प्रोसेसर तेरा-चौदाव्या पिढीचे होते.

रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, त्यामुळे बिघाड म्हणजे अख्खा बोर्ड बदलणं. बोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, कारण नव्या विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डेटाला कुलूप) बऱ्याचदा आपोआप चालू असतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आजच कागदावर उतरवा, नाहीतर एसएसडी ठणठणीत असूनही डेटा गेला. बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं) अपडेट चार्जर लावूनच करा, निम्म्यात कधीच थांबवू नका.

पैसे देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून घरी येऊन दुरुस्तीची सेवा आहे का बघा. नवीन मॉडेलचा बोर्ड किंवा स्क्रीन जवळच्या दुरुस्ती केंद्रात बऱ्याचदा शिल्लक नसतो आणि बाहेरून मागवावा लागतो. काउंटरसाठी यंदा घ्यायचा झाला तर मॅट आयपीएस, ३०० निट्सच्या वर (रस्त्याकडे तोंड असेल तर ४००), मागच्या पिढीचा इंटेल आय५ किंवा एएमडी रायझेन ५ प्रोसेसर, रॅमचा एक तरी स्लॉट मोकळा, आणि वाचलेल्या पैशांत तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी. बिलावर सीरियल नंबर आणि जीएसटी क्रमांक दुकानातच तपासून घ्या.